वेताळाची बखर

इंग्रजीतल्या 'अँटी-हिरो'ला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. 'प्रतिनायक' म्हणावे, तर संस्कृत नाट्यशास्त्राने तो शब्द नायकाच्या शत्रूला कधीच देऊन टाकला आहे. रामाचा प्रतिनायक रावण. 'अनायक' म्हणावे, तर ज्याच्यात नायकाचे काहीच नाही असा केविलवाणा माणूस डोळ्यांपुढे येतो. मला अभिप्रेत असलेला माणूस या दोहोंच्या मधला आहे. तो कायद्याच्या बाहेर राहतो, तोंड झाकून फिरतो, स्वतःच न्यायाधीश होतो आणि स्वतःच शिक्षा देतो. तरीही वाचक त्याच्यावर जीव टाकतात. शब्द नसला, तरी मराठी वाचकाला हा माणूस मुळीच अनोळखी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला काळा पहाड वाचून एक पिढी रात्री जागली होती. त्यानंतरच्या, म्हणजे माझ्या पिढीला तो चित्रांतून भेटला. त्याचे नाव वेताळ.

मूळ नाव 'फँटम'. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेकची चित्रमालिका सुरू केली आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटमची. पहिला चित्रकार रे मूर, पुढे विल्सन मॅकॉय आणि १९६१ पासून साय बॅरी. भारतात तो प्रथम 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवरून इंग्रजी वाचकांच्या घरी आला. पण तो खरा घरोघरी पोचला तो मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली, तोवर तिचे सुमारे आठशे अंक निघाले होते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा वेताळाचा होता. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती अशा अनेक भाषांत हे अंक निघत.

सत्तरच्या दशकातल्या नाशिकमध्ये हे अंक विकत घेणारी घरे थोडी होती. बाकीचे आम्ही भाड्याने आणून वाचत असू. नाशिकला वाचनालयांची परंपरा मोठी; इथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पण कॉमिक्स ही वाचनालयाच्या कपाटातली वस्तू नव्हती. ती दुकानाच्या दारात दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी लटकलेली असे. दुकानाच्या पायरीवर बसून वाचली तर भाडे कमी, घरी नेली तर जास्त. मोठी माणसे तिला वाचन मानत नसत. त्यामुळे तिची नोंद कोणी ठेवली नाही आणि वर्ष संपले की ती रद्दीत जाई. आज या अंकांचा माग काढायचा, तर संग्राहकांच्या घरी जावे लागते. या लेखासाठी मी तेच केले. त्या अंकांवर गंजलेल्या पिनांचे डाग आहेत, मुखपृष्ठावर शाईने लिहिलेली मुलांची नावे आहेत, कुठे चहाच्या कपाचे वर्तुळ आहे. संग्राहक मात्र प्रत्येक अंक हाताळताना देवघरातली पोथी उघडावी तसा उघडतात.

त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा हमखास येतो : साय बॅरीची रेषा. जंगलातला काळोख तो काळ्या शाईच्या मोठ्या पट्ट्यांनी उभा करी आणि त्यातून मुखवट्याचे दोन पांढरे डोळे तेवढे चमकत. डोळ्यांत बुबुळे नसत. मुखवट्याआडून माणूस बघतो आहे की आणखी कोणी, हे वाचकाला कळत नसे. दुसरा मुद्दा म्हणजे वेताळाच्या सवयी. दारूच्या गुत्त्यात शिरून हा धिप्पाड माणूस दूध मागतो, सगळे हसतात, आणि पुढच्या चौकटीत हसणारे जमिनीवर असतात. (त्याच काळात पानाच्या टपरीवर 'फँटम' नावाच्या गोड सिगारेटी मिळत. दूध पिणाऱ्या वीराचे नाव खोट्या सिगारेटीला, याचे कोणाला काही वाटत नसे.) आणि तिसरा मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा : मराठीतले त्याचे नाव.

'फँटम' म्हणजे भास, छाया, पिशाच्च. अनुवादात 'छाया' किंवा 'काळपुरुष' असे काही चालले असते. निवडले गेले ते 'वेताळ'. या एका शब्दाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे वेताळ हा भुतांचा राजा खरा, पण तो केवळ भयकारी नाही. तो गावाच्या वेशीवर, टेकडीवर शेंदूर फासलेल्या धोंड्याच्या रूपात बसतो आणि गाव राखतो. पुण्याच्या टेकडीला त्याचेच नाव आहे. त्या परिसरातल्या वेताळाच्या ठाण्यांची दखल दामोदर कोसंबींनी घेतली आहे. गोव्यात तर तो मोठा ग्रामदेव. पैंगीणच्या वेताळाची गड्यांची जत्रा प्रसिद्धच आहे. शिवाय विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ 'चांदोबा'तून दर महिन्याला घरी येई. त्या कथांत वेताळाचा प्रश्न नेहमी न्यायाचा असतो : चूक कोणाची, हक्क कोणाचा? म्हणजे भीती, राखण आणि न्याय हे तिन्ही अर्थ त्या शब्दात आधीच मुरलेले होते. न्यूयॉर्कच्या कागदावर जन्मलेला घट्ट अंगरख्यातला माणूस या नावामुळे आमच्या वेशीवरच्या देवाच्या नात्यात आला. आग्यावेताळ माहीत असलेल्या मुलाला हा वेताळ समजावून सांगावा लागला नाही.

असे आपलेसे करणे एकट्या मराठीने केले असेही नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या वाघी लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर फँटमची चित्रे रंगवली. त्या ढाली आज संग्रहालयांत आहेत. जो मरत नाही त्याचे चित्र ढालीवर असावे, हा हिशेब सरळ आहे. स्वीडन आणि ऑस्ट्रेलियातही त्याची मासिके दशकानुदशके चालली आहेत.

भारतीय आवृत्तीला मात्र एक अडचण होती. मूळ कथेत वेताळाच्या देशाचे नाव बंगालशी नाते सांगणारे होते आणि त्याचे पिढीजात वैरी असलेले समुद्री चाचे 'सिंग' नावाचे. इथल्या वाचकाला ते रुचणे कठीण. इंद्रजालने देशाचे नाव 'डेंकाली' केले आणि चाच्यांना 'सिंगा'. दोन नावे बदलली आणि खटकणारा भाग नकाशावरून पुसला गेला. जंगल आता ना आशियातले, ना आफ्रिकेतले; ते फक्त लांबचे झाले.

इथे चाहत्याने थोडे थांबायला हवे, असे मला वाटते. कथेचा सांगाडा काय आहे? १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटले, त्यातून वाचलेला एक गोरा तरुण किनाऱ्याला लागला. बांदार जमातीच्या ठेंगण्या लोकांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. ती शपथ बापाकडून मुलाकडे जात एकविसाव्या वेताळापर्यंत आली. मुखवटा एकच असल्याने लोकांना वाटते, हा चारशे वर्षे जिवंत आहे. जंगल त्याला देवासारखे मानते. म्हणजे गोऱ्या घराण्याची गादी आणि काळी प्रजा. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले, तसे फॉकने आपल्या कल्पित देशालाही लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दिला. राजधानीत लोकशाही आली, पण कवटीच्या गुहेतले सिंहासन तिथेच राहिले.

त्या गुहेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष खास जायला हवे. तिथे प्रत्येक वेताळाने लिहिलेल्या वृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ ओळीने ठेवलेले आहेत. अनेक गोष्टींची सुरुवात एकविसावा वेताळ एखादा जुना ग्रंथ उघडून आजोबा-पणजोबांचा पराक्रम वाचतो, अशीच होते. आपल्याकडे याला बखर म्हणतात. घराण्याने आपल्या घराण्याविषयी लिहिलेले, गादी किती जुनी आणि किती न्यायी हे सांगणारे. बखरीत रस असतो, भाषा असते, खरा इतिहासही असतो. पण बखर कोणाच्या पदरी राहून लिहिली गेली, हे विचारल्याशिवाय इतिहासकार पुढे जात नाही. कवटीच्या गुहेत बांदारांनी लिहिलेला एकही ग्रंथ नाही. चारशे वर्षे ज्यांनी त्याचे गुपित सांभाळले, त्यांची बाजू कोणत्याच चौकटीत येत नाही.

हा प्रश्न नाशिकपासून लांबचा नाही. इगतपुरीच्या डोंगरांना लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे हा महादेव कोळी बंडकरी. १८४० च्या दशकात त्याने सह्याद्रीच्या या पट्ट्यात इंग्रजांना आणि सावकारांना हैराण केले. त्याने सावकारांची नाके कापल्याचे इंग्रज सरकारच्या दप्तरात नोंदले आहे. वेताळाच्या ठोशाने खलाच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण मला त्या नाकांची आठवण करून देते. दोन्हींचा अर्थ एकच : ज्याला कचेरीत शिक्षा होत नाही, त्याच्या तोंडावर आम्ही निकाल लिहितो. फरक असा, की वेताळ बखर लिहायला परत गुहेत जातो. राघोजीला पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्याची बखर त्याच्या शत्रूने लिहिली आणि तीत तो दरोडेखोर ठरला. बाकीचा राघोजी डोंगरातल्या लोकांच्या तोंडी राहिला. डेंकालीच्या जंगलातल्या वाटा तोंडपाठ असलेल्या आम्हा शहरी मुलांना सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवर काय चालते, डोंगऱ्यादेवाचा उत्सव कसा असतो, याचा पत्ता नव्हता.

इंद्रजालने स्वतःही या पोकळीला एक उत्तर दिले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला 'बहादूर' आला. हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि मुलाच्या मनात सूड. पुढे तोच पोलिसांच्या बाजूने उभा राहतो आणि गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. पार्श्वभूमी चंबळची. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे माधोसिंग, मोहरसिंग यांच्यासारख्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, ती बातमी वाचकांच्या मनात ताजी होती. पडद्यावर 'जंजीर' (१९७३) आणि 'दीवार' (१९७५) येऊन गेले होते. कायद्याच्या आत की बाहेर, हा प्रश्न त्या दशकाच्या हवेतच होता. बहादूरजवळ मुखवटा नाही, घराण्याची गादी नाही; कुर्ता आणि जीन्स आहे, आणि लाज वाटावी असा वारसा आहे. अँटी-हिरोच्या व्याख्येत तो वेताळापेक्षा जास्त चपखल बसतो. तरीही संग्राहकांच्या कपाटात मानाची जागा वेताळालाच आहे.

याचे कारण मी मला पुष्कळदा विचारले आहे. केवळ चित्रे नव्हेत, केवळ बालपणही नव्हे. मला वाटते, वेताळ कायद्याबाहेर असला तरी बेबंद नव्हता. त्याच्या कमरेला दोन पिस्तुले असत, पण तो शक्यतो समोरच्याच्या हातातले हत्यार उडवी, जीव घेत नसे. त्याच्यावर कोर्ट नव्हते, पण शपथ होती, आणि ती मोडली तर वीस पिढ्यांच्या बखरी त्याच्याकडे बघत असत. म्हणजे आम्ही ज्याच्यावर प्रेम केले तो स्वतःला आवरणारा माणूस होता. आज वर्तमानपत्रांत 'जागच्या जागी न्याय' झाल्याच्या बातमीवर टाळ्या पडतात, तेव्हा त्या टाळ्यांत वेताळाचे जुने वाचकही असतात, हे मला माहीत आहे. त्यांना ठोसा आठवतो, शपथ आठवत नाही.

म्हणून चाहत्यांच्या या प्रेमाची थट्टा करावीशी मला वाटत नाही, आणि त्याला मोकळे सोडावेसेही वाटत नाही. जुने अंक जपणारे नाशिककर एक मोलाचे दप्तर राखत आहेत. एका अमेरिकन कल्पनेला मराठी दैवताचे नाव कसे मिळाले, मुलांच्या मनात न्यायाची आकृती कशी उमटली, कोणती नावे बदलली गेली आणि कोणते चेहरे पाठीमागे राहिले, हे सगळे त्या पिवळ्या पानांवर आहे. ते बखरीसारखे वाचले पाहिजे : रसाने, आणि ती कोणाच्या हातची आहे हे विचारत. वेशीवरच्या वेताळाला शेंदूर लावणारे गावकरीही हेच करतात. ते त्याला नारळ देतात, नवस बोलतात. पण त्याला गावात आणून बसवत नाहीत. त्याची जागा वेशीवर आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते.