शनिवार, तालीम आणि शेवटची लोकल

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास माटुंगा स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहा. पाठीवर सॅक अडकवलेल्या पोरापोरींचा लोंढा डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या गाड्या पकडायला धावताना दिसेल. त्यांच्या उलट दिशेने मोजकेच जण कॉलेजकडे परत निघालेले असतात, कारण तालीम आहे. परदेशी सिरियलींमध्ये आपण पाहतो तो हॉस्टेल, पार्टी आणि हिरवळीवर गिटारवाला वीकेंड मुंबई विद्यापीठाच्या बहुतेक पोरांच्या वाट्याला कधी आलाच नाही. इथे शनिवार उजाडला की कॉलेजं रिकामी व्हायला लागतात. याचं कारण शोधायला थेट 1857 सालात जावं लागतं.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखं विद्यार्थ्यांनी राहायचं विद्यापीठ हे नव्हे. शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. 1862 साली न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर बी.ए.च्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले, तेव्हा आजचा राजाबाई टॉवर उभाही नव्हता. तो पूर्ण झाला 1878 मध्ये. विद्यापीठ म्हणजे निकाल, ही आपल्या डोक्यातली कल्पना इतकी जुनी आहे.

पण विद्यार्थ्यांचं एकत्र येणं विद्यापीठाच्याही आधीचं. 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. जमायचं, निबंध वाचायचे, वाद घालायचे. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि आपला मोकळा वेळ खर्चून तिथे फुकट शिकवलं. त्यात दादाभाई नौरोजीही होते. अभ्यासक्रमात नसलेलं, परीक्षेत न येणारं हे काम शहराच्या इतिहासात मात्र पक्कं नोंदलं गेलं.

तेव्हाचं शहर लहान होतं. गिरगावातून किंवा काळबादेवीतून पायी येता यायचं. मग रेल्वेने शहर लांब ताणलं. 1925 मध्ये व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची गाडी धावली, 1928 मध्ये कुलाबा-बोरिवलीवर. वस्ती उत्तरेला सरकली आणि कॉलेजंही तिच्या मागोमाग रुळांच्या कडेने निघाली. माटुंग्याला रुईया 1937 मध्ये, पोदार 1941 मध्ये, रुपारेल 1952 मध्ये. दादरला कीर्ती 1954 मध्ये. पुढे ठाण्यात जोशी-बेडेकर 1969 मध्ये, कल्याणला बिर्ला 1972 मध्ये. कॉलेजचा पत्ता सांगताना आपण आजही आधी स्टेशन सांगतो, ते उगाच नाही.

या पोरांकडे स्वतःचा असा वेळ उरला तो शेवटचं लेक्चर आणि घरी जायची गाडी यांच्या मधला. त्या फटीत बसेल असंच जगणं त्यांनी उभं केलं. कट्टा, नाका, एका चहात दोघं. आणि एकांकिका! तीन अंकी नाटकाचा पसारा त्या फटीत मावत नाही, एकांकिका मावते. दहा-पंधरा जण, एक रिकामा वर्ग, बाजूला सरकवलेले बाक, दोन-तीन तास. शनिवार-रविवारी मात्र ही फट रुंद होते, म्हणून खरी तालीम तेव्हाच. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट आणि लेखक या सरकवलेल्या बाकांमधून पुढे आले. चतुरंगची ‘सवाई’ स्पर्धा तर 25 जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि नाटकं संपेपर्यंत पहिली लोकल सुरू झालेली. शेवटच्या गाडीची चिंता मिटवायचा याहून साधा उपाय कुठला असणार?

पण ही फट सगळ्यांना सारखी मिळत नाही. बदलापूरच्या मुलीला साडेसातला निघावंच लागतं, कारण पुढे गर्दी, रिक्षा आणि घरून येणारे फोन. मग मोठी भूमिका दादरला राहणारीकडे जाते. सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच. स्पर्धा दुसऱ्या लाइनवरच्या थिएटरला असली तर वेगळं तिकीट काढा. रविवारी तालीम ठेवावी तर मेगाब्लॉक. कोणात गुण आहेत यापेक्षा कोण कुठे राहतं, यावरच पुष्कळदा निवड होऊन जाते. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या, तेव्हा याचा उलगडा झाला. लेक्चरं मोबाइलवर आली, परीक्षाही मोबाइलवर आल्या, निकाल लागले. म्हणजे 1857 चं विद्यापीठ चालूच राहिलं. बंद पडलं ते 1848 चं, एकत्र जमण्याचं. ज्यांची कॉलेजची दोन वर्षं त्यात गेली त्यांना पदवी मिळाली, पण तालमीनंतर गाडीत बसून परत म्हटलेले संवाद मिळाले नाहीत.

हॉस्टेलं रातोरात उभी राहणार नाहीत. पण रविवारी एक वर्ग उघडा ठेवणं, लांबच्यांचे प्रवेश आधी बसवणं, रात्री निघताना एकाच दिशेच्या सगळ्यांनी एका डब्यात चढणं, एवढं तर जमेल. पुढच्या शनिवारी तालमीची वेळ ठरवाल, तेव्हा ग्रुपवर आधी एक विचारा: सगळ्यात लांब कोण राहतं?