अॅनालॉग मल्टिप्लेक्सर

अनेक विद्युत् संकेतांपैकी हवा तो एक निवडून सामाईक तारेवर आणणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. रिलेसारखा हलणारा भाग यात नसतो. निवड ट्रान्झिस्टर करतात. आरसीए कंपनीने १९६८ मध्ये सुरू केलेल्या ४००० मालिकेतली सीडी४०५१ ही आयसी याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

सोळा पिनांच्या या आयसीत आठ वाहिन्या आणि एक सामाईक पीन असते. ए, बी, सी या तीन पिनांवर वाहिनीचा क्रमांक द्विमान पद्धतीने द्यायचा. ए आणि सी वर १, बी वर ० दिला की ५ क्रमांकाची वाहिनी जोडली जाते. ‘इनहिबिट’ पिनेवर १ दिला तर आठही वाहिन्या तुटतात. ऋण पुरवठ्यासाठी वेगळी पीन आहे, ही या रचनेतली फार उपयोगाची सोय. तिथे उणे ५ व्होल्ट दिले की ० ते ५ व्होल्टच्या आज्ञांनी शून्याच्या वरखाली झुलणारा ध्वनिसंकेतही वळवता येतो.

आतला प्रत्येक स्विच म्हणजे समांतर जोडलेले एन-मॉस आणि पी-मॉस ट्रान्झिस्टर. एन-मॉस धन पुरवठ्याच्या जवळच्या विद्युत् दाबाला कच खातो, पी-मॉस खालच्या टोकाला. म्हणून दोघे लागतात. वाट दोन्ही दिशांनी खुली असल्याने हीच आयसी एका संकेताला आठांपैकी एका ठिकाणी पाठवण्याचेही काम करते.

मात्र हा स्विच म्हणजे धातूचा संपर्क नव्हे, आणि बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. जोडलेल्या स्थितीतही १५ व्होल्ट पुरवठ्यावर त्याचा रोध सुमारे १२५ ओहम असतो. पुरवठा कमी केला की तो बराच वाढतो, शिवाय संकेताच्या दाबानुसार बदलतो. पुढे ६०० ओहमचा भार असेल तर सुमारे १७ टक्के दाब स्विचमध्येच खर्च होतो आणि बदलत्या रोधामुळे आवाज विकृत होतो. तोच भार १ लाख ओहमचा असेल तर घट जेमतेम ०.१२ टक्के. त्यामुळे स्विचनंतर ऑप-अॅम्पचा बफर ठेवावा. स्पीकर थेट कधीही जोडू नये.

न निवडलेल्या वाहिनीवरही लक्ष हवे. तिथला दाब पुरवठ्याबाहेर गेला की संरक्षक डायोड वाहू लागतात आणि निवडलेल्या वाहिनीचे वाचन बिघडते. पुरवठा बंद असताना पिनेवर संकेत असेल, तर त्याच डायोडमधून आयसीला अर्धवट वीज मिळते. असा दोष शोधताना भलेभले थकतात.

आर्डुइनो उनोमधल्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्येही असा मल्टिप्लेक्सर असतो, कारण आत दाब मोजणारा एडीसी एकच आहे. त्याच्या नमुना-धारित्रावर आधीच्या वाहिनीचा विद्युत् प्रभार उरलेला असतो. संवेदकाचा रोध १० हजार ओहमपेक्षा बराच जास्त असेल तर नवा दाब वेळेत भरत नाही आणि शेजारच्या वाहिनीचा आकडा यात डोकावतो. अशा वेळी वाहिनी बदलल्यावरचे पहिले वाचन टाकून द्यावे, किंवा पिनेजवळ छोटा धारित्र जोडावा.