वृद्धसेवा आणि नोकरी (कुसगाव–मावळ)

आजारी वा परावलंबी आई-वडिलांची शुश्रूषा आणि मिळकतीचे काम ही दोन्ही एकाच व्यक्तीवर येऊन पडण्याची स्थिती. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील, लोणावळ्यालगतच्या कुसगावसारख्या गावात लोणावळ्याची हॉटेले वा तळेगावचे कारखाने येथे पाळीत काम करणाऱ्याला ही अडचण विशेष जाणवते, कारण पाळीची वेळ आणि औषधाची वेळ जुळत नाही.

कायदा : हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम २० ने वृद्ध आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी या दोघांवरही टाकली. पुढे कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली असता (विजया मनोहर अरबट वि. काशीराव राजाराम सवई, १९८७), तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली विवाहित मुलगीही बांधील असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ अधिनियमान्वये उपविभागीय अधिकाऱ्याच्या (प्रांताच्या) स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो व दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहरक्कम मिळू शकते. या कायद्यांनी रकमेचा विचार केला, परंतु उशाशी बसणाऱ्याने वेळ कुठून आणावा याचा केला नाही, ही त्यांतील मोठी उणीव होय.

रजा : कारखान्यातील कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. राज्य कामगार विमा योजनेत अवलंबून असलेल्या आई-वडिलांना उपचार मिळतात. मात्र आजारपणाचा रोख लाभ विमेदाराच्या स्वतःच्या आजारापुरताच असल्याने, वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्याची शिल्लक रजा संपली की त्याचा खाडा पडतो.

पगारी मदत : शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत दिवसपाळी वा रात्रपाळीची ‘मावशी’ (घरी येऊन सेवा करणारी बाई) मिळते.

शुश्रूषा करणाऱ्याचे आरोग्य : अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला शय्याव्रण (सतत दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, त्यामुळे रात्रीची झोप तुटते, आणि उचलण्याची रीत ठाऊक नसल्यास कंबर धरते. या भाराचे मापन करणारी प्रश्नावली स्टीव्हन झॅरिट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. अमेरिकेतील १९९९ च्या एका अभ्यासात, जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांत मृत्यूचा धोका अशी सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला; तो निष्कर्ष मुला-सुनांना जसाच्या तसा लावता येत नाही. आई-वडिलांना तपासणीस नेताना सोबत जाणाऱ्याने स्वतःचाही रक्तदाब व साखर तपासून घेणे अगत्याचे आहे.