निळ्या लोहाची कुळकथा

शर्यतीत धावून परतलेल्या घोड्याच्या नाकपुडीतून कधी कधी रक्त ओघळते, ही गोष्ट इंग्लंडातील अश्वपालकांना अठराव्या शतकापासून परिचित होती. विख्यात ‘एक्लिप्स’चा पणजोबा ‘ब्लीडिंग चिल्डर्स’ याच व्याधीमुळे शर्यतीच्या मैदानात उतरू शकला नाही आणि त्यावरूनच त्याला ते नाव पडले. परंतु नाकापर्यंत येणारे रक्त हा स्रावाचा अल्पांश असून पुष्कळ घोड्यांत ते फुप्फुसातच राहते. तेथील भक्षक पेशी रक्तकण गिळून त्यांतील लोह हिमोसिडेरिनच्या रूपाने कित्येक आठवडे साठवून ठेवतात, आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या जनावराची खरी कैफियत त्या पेशींच्या दप्तरातच सापडते.

ते दप्तर वाचता आले एका रंगामुळे. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग तयार करू पाहणाऱ्या डीसबाख या रंगकाराच्या हाती, प्राणिज तेलाने दूषित झालेल्या पोटॅशमुळे, गर्द निळा रंग लागला असे सांगतात. १८६७ मध्ये माक्स पेर्ल्स यांनी तीच रासायनिक क्रिया ऊतींवर योजून त्यांतील लोह निळे करून दाखविले. पुढे १९७५ मध्ये गोल्डे आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांतील गुप्त फुप्फुसस्राव ओळखण्यासाठी प्रत्येक पेशीला निळेपणाप्रमाणे शून्य ते चार अशी श्रेणी देण्याचा दंडक घालून दिला, आणि २००२ मध्ये दूसे व व्हिएल यांनी घोड्याच्या फुप्फुसात लवणजल सोडून परत ओढलेल्या द्रवातील पेशींना तो लावला.

मात्र फिकट निळा कोठे संपतो आणि मध्यम निळा कोठे सुरू होतो, याविषयी दोन तज्ज्ञांचे, किंबहुना एकाच तज्ज्ञाचे सकाळ-संध्याकाळचेही, एकमत होईलच असे नाही. शिवाय शे-तीनशे पेशींवरून संपूर्ण काचपट्टीचा निवाडा करावा लागे. संगणकाच्या साहाय्याची गरज येथेच उत्पन्न झाली. २०२० मध्ये जर्मनीतील संशोधकांनी यंत्राला ही श्रेणी शिकविण्यासाठी सतरा काचपट्ट्यांवरील ७८,०४७ पेशींना एकेक करून श्रेणी दिली. यंत्राच्या कौशल्याची वाखाणणी करताना या कष्टांना मी आधी मान देईन, कारण यंत्र जे शिकले ते त्यांतूनच शिकले. निळेपणा पायऱ्यापायऱ्यांनी नव्हे तर अखंड वाढतो हे ओळखून त्यांनी यंत्राला दोन आणि तीन यांच्या मधले मूल्यही देऊ दिले, आणि संपूर्ण काचपट्टीवरील पेशींची मोजदाद त्याच्याकडे सोपविली.