व्हिक्टोरिया सरोवरातील सिक्लिड मासे : वर्णभेद आणि संकर

मत्स्यपालनाचा छंद असलेल्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. निरनिराळ्या रंगांचे सिक्लिड मासे एकाच हौदात ठेवले की त्यांचा संकर होतो आणि दोनतीन पिढ्यांत मूळ रंग ओळखू येईनासे होतात. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात हीच क्रिया फार मोठ्या प्रमाणावर घडली. तिचा उलगडा होण्यास मात्र विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले.

या सरोवरात सिक्लिडांच्या सुमारे ५०० जाती होत्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. भूगर्भीय पुराव्यानुसार सुमारे १५,००० वर्षांपूर्वी सरोवर कोरडे पडले होते. म्हणजे एवढे वैविध्य नांदू लागले ते अत्यल्प काळात. १९५० नंतरच्या दशकात ग्रीनवुड यांनी या माशांचे वर्गीकरण हाती घेतले. त्याच दशकात सरोवरात नाईल पर्च हा मोठा भक्षक मासा सोडला गेला. जेफ्री फ्रायर यांनी १९६० मध्ये या योजनेस लेखी विरोध केला होता. तो मानला गेला नाही. १९८० नंतर पर्चची संख्या बेसुमार वाढली व सुमारे २०० जाती नष्ट झाल्या किंवा नाशाच्या मार्गास लागल्या. सर्व दोष पर्चच्या माथी मारणे त्या काळी साहजिकच होते.

परंतु पर्चचा फारसा शिरकाव नसलेल्या खडकाळ किनाऱ्यांवरही जाती कमी होत होत्या. त्याचे कारण पर्चच्या भक्षणात शोधून सापडण्याजोगे नव्हते. ओले सीहाउसेन, याक व्हान आल्फेन व फ्रान्स विटे यांनी १९९७ मध्ये त्याचे उत्तर मांडले. पुंदामिलिया पुंदामिलिया या जातीचा नर निळसर, तर पुंदामिलिया न्येरेरेई या जातीचा नर लाल-पिवळा असतो. माद्या मात्र दोहोंच्या सारख्याच फिकट. वर निवडायचा तो मादीने, आणि निवडायचा तोही मुख्यतः रंग पाहून. प्रयोगशाळेत पांढऱ्या उजेडात माद्या स्वजातीचे नर निवडत; रंगभेद झाकणाऱ्या एकरंगी नारिंगी उजेडात मात्र ही निवड उरली नाही. संकरित संतती सुदृढ व प्रजननक्षम असल्याने दोन जातींमधील भिंत म्हणजे केवळ मादीची दृष्टी होती, असे म्हणावे लागते.

ही दृष्टी निकामी केली ती पाण्याच्या गढूळपणाने. काठची जंगले तोडली गेली, शेतांतील माती व वस्त्यांतील सांडपाणी सरोवरात उतरले, शैवाल माजले. गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो. अशा ठिकाणी नरांचे रंग मंद आणि एकत्र नांदणाऱ्या जाती थोड्या, असे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. येथे कोणी कोणास खाल्ले नाही. जाती एकमेकींत विरून गेल्या.

संकर म्हणजे केवळ ऱ्हास, ही समजूतही पुढे टिकली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार या प्रदेशातील सिक्लिडांचा हा समूहच मुळी सुमारे १,५०,००० वर्षांपूर्वी दोन दूरच्या वंशांच्या संकरातून उद्भवला. त्या मिश्रणातून लाभलेले वैविध्य स्वच्छ पाण्यात, निरनिराळ्या खोलींवरच्या प्रकाशात विभागले गेले. आजच्या संकरास तसे पाणीच उरलेले नाही, हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

सरोवरातून दुर्मिळ झालेल्या काही जाती युरोप-अमेरिकेतील मत्स्यालयांत राखल्या गेल्या आहेत. तेथे प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र हौद लागतो. कारण माद्या एकदा मिसळल्या, तर कोणती कोणाची हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे जाणकारासही कठीण जाते.