कोठाराची किल्ली

ज्ञान छापले म्हणजे ते लोकांच्या हाती आले, अशी आपली एक भाबडी समजूत असते. औद्योगिक न्यायालयात कामगारांची बाजू मांडणाऱ्याला तिचा फोलपणा लवकर कळतो. आपल्या उपयोगाचा जुना निवाडा असतो. परंतु तो कोणत्या सालचा आणि कोणत्या दप्तरात, हे समोरच्या वकिलाला ठाऊक असते, आपल्याला नसते. न सापडणारा कागद हा नसलेल्या कागदासारखाच.

माझे शाळेतले शिक्षण बेताचे. जे शिकलो ते मोफत वाचनालयांत. त्यामुळे असे कागद शोधण्याची सार्वजनिक सोय कशी उभी राहते आणि कशावर टिकते, हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. अमेरिकेतील ‘एरिक’ या शिक्षणविषयक सूचीचा इतिहास त्याचे चांगले उत्तर देतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळांची काळजी लागली. १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला, सरकारी पैसा वाहू लागला, आणि संशोधनाच्या अहवालांचे ढीग साचले. हे अहवाल पुष्कळदा सायक्लोस्टाइल केलेले असत. ते दुकानात मिळत नसत. एका गावी झालेला प्रयोग दुसऱ्या गावच्या शिक्षकाला कळावा कसा? या अडचणीवर उपाय म्हणून १९६४ साली केंद्रीय शिक्षणखात्याने एरिकची स्थापना केली. आरंभीच्या संग्रहांत वंचित मुलांच्या शिक्षणाविषयीचे १७०० हून अधिक कागद होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कामाची वाटणी मोठी शहाणपणाची होती. एकाच कचेरीत सारे न कोंबता विषयवार केंद्रे विद्यापीठांकडे व व्यावसायिक संस्थांकडे सोपवली. तेथील माणसे अहवाल मिळवीत, वाचीत, निवडीत आणि त्यांचा गोषवारा लिहीत. १९६६ पासून या गोषवाऱ्यांचे मासिक निघू लागले. १९६९ पासून नियतकालिकांतील लेखांची निराळी सूची आली. मूळ अहवाल पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर उतरवून ग्रंथालयांना पुरवले जात. अहवालाच्या क्रमांकाआधी ‘ईडी’ आणि लेखाच्या क्रमांकाआधी ‘ईजे’ ही अक्षरे आजही असतात.

परंतु खरी किल्ली होती शब्दकोशात. एकजण ‘गळती’ म्हणतो, दुसरा ‘शाळा सोडणे’ म्हणतो, तिसरा आणखी काही. म्हणून एरिकने ठरीव संज्ञांचा कोश केला. कोणत्या शब्दाऐवजी कोणता वापरावा, त्याहून व्यापक संज्ञा कोणती, संकुचित कोणती, शेजारची कोणती, हे त्यात सांगितलेले असते. शोधणाऱ्याने आधी या कोशात पाहावे, आपल्या शब्दाची ठरीव संज्ञा घ्यावी आणि मगच शोधावे; म्हणजे तिन्ही लेखकांचे कागद एकत्र हाती येतात. अर्थात सापडलेला प्रत्येक कागद सारख्याच तोलाचा नसतो. तज्ज्ञांनी तपासलेला लेख निराळा आणि खात्याचा अहवाल निराळा, हा विवेक वाचणाऱ्यानेच करायचा.

पुढे संगणक आला आणि सूची घरबसल्या, विनामूल्य पाहता येऊ लागली. १९९२ साली ‘आस्क-एरिक’ ही सेवा निघाली. शिक्षकाने प्रश्न पाठवावा आणि ग्रंथपालाने दोन कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे, अशी तिची रीत होती. मग काटकसरीचे व केंद्रीकरणाचे वारे वाहिले. २००३ च्या अखेरीस सोळाही विषयकेंद्रे बंद झाली, ती प्रश्नोत्तराची सेवाही संपली, आणि काम एका कंत्राटदाराकडे गेले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षणखात्यातील जवळजवळ निम्म्या नोकरांना कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. एप्रिलमध्ये तर एरिकमध्ये नव्या नोंदी घेणेच थांबण्याची वेळ आली. अखेर कमी पैशांत काम चालू राहिले, पण पूर्वीपेक्षा कमी नियतकालिके घेऊन.

यंत्र शोधते असे आपण म्हणतो. यंत्र शोधते ते कुणीतरी वाचून, संज्ञा लावून ठेवलेले असते. ते हात कमी केले, तर कोठाराचे दार उघडे दिसते, पण नवा माल आत येत नाही. धनवान संस्था पैसे मोजून दुसरी सूची घेतील. खेड्यातल्या शिक्षकाला आणि रात्रशाळेतल्या कामगाराला दुसरे दार नाही. म्हणून ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकावर चर्चा निघाली की पुस्तके किती घेतली एवढेच विचारू नका. सूची कोण करतो आणि त्याला पगार वेळेवर मिळतो का, हेही विचारा.