दोन स्लायडर, एक कामगार

१९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझ गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, तिकडे कॅलिफोर्नियात, नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइकने दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि ४ डिसेंबरला जाहीर झालं तेव्हा जावास्क्रिप्ट. मधेच १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. या तिन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. माझ्या कामात मात्र त्या रोज भेटतात, कारण भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या वेबसाइट दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे.

जावास्क्रिप्टला पानावर एकच कामगार मिळाला. बोट लागलं, टायमर वाजला, फोटो उतरला, ही सगळी कामं एका रांगेत उभी राहतात आणि तो ती एकेक करून उरकतो. सुरुवातीच्या काळात काम तरी काय, तर फॉर्ममधला रकाना रिकामा नाही ना एवढं बघणं. पुढे २००६ साली जॉन रेसिगची जेक्वेरी आली, पानावरची हलवाहलव सोपी झाली, आणि होमपेजवर सरकते फोटो नसतील तर कंपनी गरीब दिसते असा समज पसरला. नंतर स्लिक, स्वायपर अशी तयार स्लायडरं आली. त्यांत दोन स्लायडर एकमेकांना बांधायची सोयही होती. पानाला हात लावणारा कामगार मात्र एकच राहिला.

भोसरीतल्या एका प्रेस-पार्टच्या वर्कशॉपच्या साइटवर असे दोन स्लायडर होते. वरच्यात पार्टचा फोटो, खालच्यात त्याचा नंबर, मटेरियल आणि जाडी. दोघांना तीन-तीन सेकंदांचे वेगळे टायमर. एका खरेदीवाल्याने फोटोतला ब्रॅकेट बघून खालचा नंबर मेलवर पाठवला. तो नंबर वॉशरचा होता, भावही वॉशरचा गेला. चार प्रेसच्या शेडमध्ये एक ऑर्डर हुकली की पगाराची तारीख हलते.

तुम्ही म्हणाल, दोन्ही टायमर सारखे, मग चुकलं कुठे? तीन सेकंदांचा टायमर याचा जावास्क्रिप्टमधला अर्थ ‘तीन सेकंदांच्या आत नाही’ एवढाच. रांगेत आधीचं काम अडलं असेल तर उशीर होतो. त्यात बऱ्याच स्लायडरांना माउस वर आला की थांबायची सवय असते. माणूस फोटो नीट बघायला माउस नेतो, फोटो थांबतो, खालचा मजकूर पुढे निघून जातो. म्हणजे जो गिऱ्हाईक जास्त लक्ष देऊन बघेल तोच फसणार! फोनवर बोटाने फोटो सरकवला तरी तेच, खालच्याला पत्ताच नाही.

आधी कुणीतरी यावर उपाय करून ठेवला होता, पण तो अर्धवट म्हणून बंद केलेला. वरचा बदलला की खालच्याला हलवायचं, खालचा बदलला की वरच्याला. हे स्लायडर आहे त्याच जागी राहायला सांगितलं तरी ‘बदललो’ अशी हाक देत. मग वरचा खालच्याला हाक मारतो, खालचा वरच्याला, आणि एकटा कामगार दोघांमध्ये धावत राहतो. शेवटी कन्सोलमध्ये लाल अक्षरं: मॅक्झिमम कॉल स्टॅक साइज एक्सीडेड.

या पट्ट्यातल्या लोकांना याचं उत्तर समजावताना मला संगणकाची भाषा लागत नाही. टोयोटात ताइइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून कल्पना घेतली: पुढच्या टेबलाने मागितलं तरच मागच्याने माल द्यायचा, आणि मागणीची चिठ्ठी म्हणजे कानबान. चाकणमध्ये १९९९ ला बजाज आली, २००९ ला फोक्सवॅगन, आणि ‘जस्ट इन टाइम’ हा शब्द भोसरीतल्या व्हेंडरच्या रोजच्या बोलण्यातला झाला. व्हेंडर आपलं घड्याळ बघून ट्रक सोडत नाही. लाइन काय मागते ते बघतो. आणि व्हेंडरने उलट लाइनला हुकूम द्यायचा नसतो.

तसंच केलं. ‘सध्या कितवा पार्ट’ हा एकच आकडा एका जागी ठेवला. बोट कुठल्याही स्लायडरवर लागो, आधी तो आकडा बदलतो, मग दोन्ही स्लायडर त्याच्याकडे बघून हलतात. आकडा तोच असेल तर कुणी हलत नाही, त्यामुळे हाकांची साखळी तुटते. एक गाठ उरली: गोल फिरण्यासाठी जुन्या आवृत्तीतला स्वायपर पहिल्या-शेवटच्या फोटोच्या नकला जोडायचा आणि मोजताना त्याही धरायचा. तिथे ॲक्टिव्हइंडेक्सऐवजी रिअलइंडेक्स वाचला. दोन्ही टायमर काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. “अहो, फोटो आपोआप का हलत नाहीत? बंद पडल्यासारखं वाटतंय.” जाडी वाचायला माणसाला थांबावं लागतं, असं मी म्हटलं. ते पटलं त्यांना. फक्त गिऱ्हाईक कंपन्यांच्या लोगोंची खालची पट्टी तेवढी फिरती ठेवा, म्हणाले. ती ठेवली. तिला जोडीदार नाही.